नाला उलटा आला तो शनिवार

मला पाण्याची भीती वाटते. आजही वाटते, आणि आता ते सांगायला लाजही वाटत नाही. विहिरीच्या काठाशी मी उभी राहत नाही, बस पुलावर चढली की डोळे मिटून घेते. घरातली पोरं हसतात. हसू देत. त्यांनी तो शनिवार पाहिलेला नाही.

वडील घुग्घुसकडच्या एका कोळसा खाणीत पंपावर होते. खाली झिरपलेलं पाणी उपसून वर फेकायचं हे त्यांचं काम. घरी जेवताना मध्येच त्यांचा घास हातात राहायचा आणि ते कान द्यायचे. खाण तिथून दीड-दोन मैल लांब, पंपाचा आवाज घरात कसला येतोय? पण पंप बंद पडला तर खाली माणसं आहेत, हे त्यांच्या डोक्यातून कधी जायचंच नाही. आई म्हणायची, देवावर भार टाका आणि चार घास खा. ते घास खायचे, भार काही टाकायचे नाहीत. मी दोघांची मुलगी. आईचा देव माझ्याकडे आला आणि वडिलांची भीतीही आली.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सावली गावाच्या पुढे, वैनगंगेजवळच्या एका खेड्यात, मिशनच्या प्राथमिक शाळेवर मला नोकरी लागली. कवेलूंच्या छपराच्या दोन खोल्या आणि पुढे पटांगण. मुख्याध्यापक निम्मा आठवडा कागद घेऊन तालुक्याला, त्यामुळे पहिली-दुसरी म्हणजे माझं राज्य. वय बावीस, आवाज मोठा, राग नाकावर. मला सगळं येतं असं मला मनापासून वाटायचं.

गावातली पोरं तर होतीच, पण माझा जीव होता तो नाल्यापलीकडच्या टोलीतल्या सात मुलांवर. टोली म्हणजे गावाबाहेरची वस्ती, बौद्ध कुटुंबांची, सगळी धानाच्या शेतीवर राबणारी. प्रार्थनेने सुरू होणाऱ्या शाळेत तुम्ही मुलं का पाठवता, असं मी एकाच्या वडिलांना विचारलं होतं. ते हसून म्हणाले, "प्रार्थना कराजा बाई, तिच्यानं काई बिघडत नाई. पन पाढे बी तेवढ्याच जोरात म्हनवून घेजा." सातांमध्ये सर्वांत मोठी एक मुलगी होती, आठ वर्षांची. तिच्या कडेवर किंवा बोटाला कायम तिचा चार वर्षांचा भाऊ. त्याचं नाव हजेरीत नव्हतं, पण तो एकही दिवस चुकवायचा नाही. एकूण पायांच्या सात जोड्या मी मोजायचे, त्यात त्याचीही एक.

शाळेतून टोलीकडे जायला आधी नाला लागायचा. त्यावर रपटा होता, म्हणजे पावसात पाण्याखाली जाणारा बुटका सिमेंटचा रस्ता. रपटा ओलांडला की धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, त्यांच्या मध्ये मोहाच्या झाडाखाली एक उंचवटा, आणि त्याच्या पुढे आणखी एक लहान ओहोळ. तो ओलांडला की टोली. मोठ्या माणसाला दहा-पंधरा मिनिटांची वाट. पहिल्या पावसाळ्यात ती वाट माझ्या छातीवर बसली. रोज मुलं सुटली की मी खिडकीशी उभी राहायची आणि शेवटचं डोकं मोहापलीकडे दिसेनासं होईपर्यंत तिथून हलायची नाही.

त्याच दिवसांत नद्या समुद्राला कशा मिळतात तो धडा आला. पुस्तकात दीड पान मजकूर आणि एक धुरकट चित्र. त्याने काय होणार? मी पटांगणात माती ओढून उतार केला. वर टेकड्या, मधून बोटाने ओढलेला नाला, तो मिळतो ती वैनगंगा, पुढे प्राणहिता, पुढे गोदावरी, आणि शेवटी जमिनीत बसवलेलं घमेलं. घमेल्यात नीळ कालवली. तो समुद्र. खरा समुद्र मी स्वतः पाहिलेला नव्हता, पण हे मुलांना सांगायची काही गरज नव्हती.

टेकडीवर तांब्याने पाणी सोडलं की ते वळत वळत घमेल्यात जायचं आणि पोरं आनंदाने ओरडायची. दहादा करून दाखवलं तरी अकराव्यांदा तेवढंच ओरडायची.

"बाई, समुद्र भरून नाई जात?" कोणीतरी विचारलं.

"नाही. देवाने त्याला हद्द घातलेली आहे. आणि नदीला वाट घालून दिलेली आहे. पाणी त्या वाटेने पुढे जातं. मागे कधीच वळत नाही."

मी त्याचं गाणंही केलं होतं. पुढे पुढे चाललं पाणी, मागे नाही वळायचं, देवाने दाखवली वाट, समुद्राला मिळायचं. चाल आमच्या उपासनेतल्या एका गाण्याची, शब्द माझे. खरं सांगायचं तर ते गाणं मुलांपेक्षा माझ्यासाठीच होतं. पाण्याला कुणीतरी लगाम घातलेला आहे, ते मोकाट नाही, असं मोठ्याने म्हटलं की मला जरा धीर यायचा. माझ्या भीतीवरचं औषध मी मुलांना पाजत होते.

एकदा हा धडा रंगात आला असताना कुंपणाशी डोंगेवाले भाऊ येऊन उभे राहिले. जातीने ढिवर, साठी उलटलेली, सगळा जन्म वैनगंगेवर डोंगा चालवण्यात आणि जाळं टाकण्यात गेलेला. त्यांनी सगळं नीट पाहिलं आणि म्हणाले, "चांगलं केलं बाई. पन नाला कदी कदी उलटा बी येते. तेवढं बी सांगजा लेकराईले."

माझ्या वर्गात, माझ्या मुलांसमोर, मला शिकवणारे हे कोण? माझं डोकं फिरलं. "भाऊ, पाणी उताराने जातं. उलटं जात नाही. मुलांच्या डोक्यात भलतंसलतं भरवू नका."

भाऊ वळले. बिडी कानावर ठेवली आणि गेले. मुलं फिदीफिदी हसली. मी त्यांना हसू दिलं. डोंगेवाल्या भाऊंच्या गोष्टी खोट्या असतात, हे त्या दिवशी मुलं माझ्याकडून शिकली.

मग मी एक नियम केला. नाल्याला पाणी आलं तर पाण्यात पाऊल घालायचं नाही. उंच जागेवर बसायचं आणि थांबायचं. पाणी समुद्राकडे निघालेलं असतं, ते उतरतंच. रोज सुटताना हात जोडून हे तीनदा म्हणवून घ्यायची, प्रार्थनेच्या लगेच पाठोपाठ. नियम चुकीचा नव्हता. माझ्या माहितीतले सगळे नाले तसेच होते. सर आली की धडधडत फुगायचे आणि दोन तासांत गुडघ्याखाली. आषाढात दोनदा मुलं अडकली, दोन्ही वेळा मोहाखाली बसून राहिली, पाणी उतरलं, सुखरूप घरी गेली. टोलीतल्या बायांनी माझं तोंड भरून कौतुक केलं. मी अशी फुगले की काही विचारू नका.

पोळ्याच्या आधीची गोष्ट. शनिवार होता, सकाळची शाळा. पाऊस तीन दिवसांपासून नव्हता. ऊन असं लख्ख पडलेलं की रोवणं झालेलं धान डोळ्यांत भरत होतं. पाऊस झाला होता तो दूर वर, भंडाऱ्याच्या अंगाला. आम्हाला त्याचं काय? अकराला शाळा सुटली. नियम तीनदा म्हणून झाला. रपट्यावर घोट्याएवढं पाणी होतं, पण ते रोजचंच. मुलं त्यातून उड्या मारत पलीकडे गेली. आभाळ निरभ्र म्हणून त्या दिवशी मी खिडकीशी उभी राहिले नाही. त्या पावसाळ्यात तेवढा एक दिवस.

मी पाट्या पुसत होते, तेव्हा दारात डोंगेवाले भाऊ. धापा टाकत होते. धोतर कमरेपर्यंत ओलं.

"बाई, टोलीचे पोट्टे गेले का?"

"केव्हाच. पाऊण तास झाला."

"घरी पोचले का पुसतो मी."

"पोचलेच असतील. का हो?"

"नदीनं नाला दाबला," ते म्हणाले. "वैनगंगा भरून आली. नाल्याचं पानी घेऊन नाई राह्यली. उलटं ढकलून राह्यली."

मला कळलं नाही असं म्हणणं खोटं होईल. शब्द कानावर पडले तत्क्षणी कळलं. वडिलांचा तो हातात राहिलेला घास डोळ्यांपुढे आला. मी अनवाणीच पळाले.

नाल्यावर आवाज नव्हता. हे मला अजून सांगता येत नाही नीट. पूर म्हटलं की गर्जना असते, इथे काहीच नव्हतं. रपटा दिसत नव्हता. त्याच्या जागी तपकिरी पाण्याचा एक रुंद, शांत पट्टा होता. वर मुंग्यांचे पुंजके तरंगत होते. आणि पळसाचं एक मोठं पान नदीकडून टेकड्यांकडे निघालं होतं. सावकाश. पाणी चढावाकडे चाललं होतं. मी त्या पानाकडे पाहत राहिले. जे देवाने कधी होऊ दिलं नसतं असं मी सांगितलं होतं, ते माझ्या समोरून चाललं होतं.

मग मला मुलं दिसली. पलीकडे मोहाखाली, रांगेने, मांडी घालून बसलेली. दप्तरं मांडीवर. पुढचा ओहोळ भरलेला म्हणून ती थांबली होती. मागचा रपटा गेलेला त्यांना कळलंही नसावं. बांध्यांतलं पाणी आता धानाच्या शेंड्यांना लागलं होतं. मला पाहून त्यांनी हात हलवले.

"बाई, आमी थांबून आहो!" मोठी मुलगी ओरडली. आवाजात अभिमान होता. "कोनीच पान्यात पाय नाई घातला!"

मग त्यांनी मला दाखवायला म्हणून ते गाणं सुरू केलं. पुढे पुढे चाललं पाणी. सातांचे आवाज पाण्यावरून स्पष्ट येत होते. आयुष्यात मी पुष्कळ भीती पाहिली, पण भीती न वाटणाऱ्या त्या मुलांकडे पाहताना जी वाटली तशी पुन्हा नाही वाटली. ती मरायला बसली होती आणि मी शिकवल्याप्रमाणे बसली होती.

"भाऊ, तुमचा डोंगा?"

"घाटावर बांधून हाय. आनाले तास लागंल, आन इथी तेवढा वेळ नाई." भाऊ डोळे बारीक करून पाहत होते. "पोहून मी जाईन, पन सात लेकरं कशी आनू? झाडावर चढवले तं तीन दिवस कोन बसंल? हे पानी आज नाई उतरत, बाई. हे चढतच जाते." मग त्यांनी हात लांब करून दाखवलं. "तो मोठा धुरा पाहा. मोहापासून थेट तलावाच्या पाळीले जाते. अजून पिंडरीएवढंच पानी हाय त्याच्यावर. आत्ता निंगाले तं पोचतीन. अर्ध्या घंट्यानं धुरा बी नाई दिसनार."

धुरा म्हणजे बांध्यांमधला मातीचा बांध, दोन हात रुंद. मोहापासून जुन्या तलावाच्या पाळीपर्यंत दोनशे पावलं असतील. पाळ म्हणजे तलावाचा उंच बांध, तिथून टोलीची वाट. म्हणजे घराच्या दिशेने नाही, माझ्या दिशेने नाही, तर तिसरीकडेच आणि तेही पाण्यातून.

भाऊंनी दोन्ही हात तोंडाशी धरले. "ए पोट्टेहो! उठा तिथून! धुऱ्यानं पाळीवर जा!"

गाणं थांबलं. मुलं एकमेकांकडे बघून हसली. तेच फिदीफिदी हसणं. एक मुलगा ओरडला, "डोंगेवाले भाऊ खोटं सांगते!"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"उठा!" मी ओरडले. "भाऊ सांगतात तसं करा! धुऱ्यावरून चला!"

आता मुलं गोंधळली. मोठी मुलगी उभी राहिली. "बाई, धुऱ्यावर पानी हाय!"

"असू दे. चला!"

"तुमीच तं म्हनलं होतं, पान्यात पाय नाई घालाचा!"

"आज घालायचा!"

"थांबलो का उतरते! समुद्राकडे जाते!" ती मला समजावत होती. घाबरलेल्या माणसाला धीर देतात तसा तिचा आवाज होता. "बसा बाई तुमी बी. उतरते!"

मला वाटलं तिच्या थोबाडीत मारावी. तेवढ्या अंतरावरून, तेवढ्या पाण्यावरून. पुढच्याच क्षणी माझी मलाच किळस आली. ती काय चुकत होती? रोज मी जे घोटून घेतलं तेच ती मला म्हणून दाखवत होती.

पाणी उंचवट्याच्या गवतात शिरलं होतं. तिचा लहान भाऊ काठाशी जाऊन हात पाण्यात घालत होता.

मी चुकले असं म्हणणं माझ्या स्वभावातच नाही. घरी आईसमोर नाही, मुख्याध्यापकांसमोर नाही. तरी त्या वेळी तोंड गप्प राहिलं ते केवळ गर्वाने नव्हे. मला भीती वाटली की मी एकदा हे बोलले तर सगळंच कोसळेल, घमेलं, गाणं, प्रार्थना, देव, सगळं एकाच खांबाला बांधलेलं होतं आणि तो खांब मी होते. पण समोर सात होती.

"मी चुकले!" मी ओरडले. शाळेतली भाषा कुठच्या कुठे गेली, घुग्घुसच्या वस्तीतली तोंडात आली. "पोट्टेहो, मी चुकलो रे! मले नव्हतं माहीत! पानी उलटं येते! भाऊ खरं सांगत होते, मीच खोटं सांगतलं तुमाले!"

सातही जणं उभी राहून माझ्याकडे पाहत होती. कोणी हललं नाही. मोठ्या मुलीने भावाला ओढून कडेवर घेतलं.

"मंग देवानं?" ती ओरडली. "देवानं सांगतलं होतं ना, मांगं नाई वळत म्हनून?"

"देवानं नाई सांगतलं! मी सांगतलं होतं! देवाचं नाव मी घातलं त्याच्यात!"

हे वाक्य माझ्या तोंडून कसं बाहेर पडलं, मला माहीत नाही. बाहेर पडलं आणि मला रडू फुटलं, अगदी हंबरडा. बाईंना रडताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटतं माझ्या बोलण्यापेक्षा त्या रडण्यावर तिचा विश्वास बसला. तिने एकदा टोलीकडच्या ओहोळाकडे पाहिलं, एकदा धुऱ्याकडे, आणि मग ती माझ्याशी बोललीच नाही. तिने भाऊंना हाक मारली.

"भाऊ, कसं जाऊ सांगा!"

भाऊंचा आवाज एकदम बदलला. बाजाराची वाट सांगावी इतका सावकाश. "एकामांग एक उभे राहा. पुढच्याचं दप्तर धरा. हो, तसंच. तू पुढं. मोहाची काडी मोड एक लांब. काडीनं पाहत जा, कडक लागलं का पाय ठेव, नरम लागलं का थांब."

ती पुढे निघाली. कडेवर लहानगा, एका हातात काडी. मागे पाच जणं. पाणी त्यांच्या पोटरीला लागलं, मग गुडघ्याला. लांबून तर मुलं बिनबांधाच्या पाण्यावरच चालल्यासारखी दिसत होती, खाली धुरा आहे हे फक्त भाऊंना ठाऊक होतं.

मी प्रार्थना करायला हात जोडले. एक शब्द आठवेना. रोजची प्रार्थना, लहानपणापासूनची, तीही नाही. मी फक्त मोजत होते. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आणि कडेवरचा सात. पुन्हा एक, दोन.

"आता बाभूळ येईन," भाऊ ओरडले. "तिथी धुरा वळते. उजव्या हाताले. नाई, नाई, अजून दोन पावलं. आता वळ!"

ती वळली. दुसरा वळला, तिसरा वळला. चौथा सरळ गेला. तो गळ्यापर्यंत खाली गेला, मला फक्त त्याचं डोकं आणि वर आलेला एक हात दिसला. मी मोजता मोजता सहावर थांबले. मी नाल्यात पाऊल घातलं असावं, कारण भाऊंनी माझ्या पदराला धरून मला मागे खेचलं. "तुमी बुडले तं त्याईच्याकडं कोन पाहीन?" पाचव्या मुलीने त्याच्या दप्तराचा पट्टा सोडला नव्हता. ती धुऱ्यावर बसकण मारून मागे वाकली, पुढच्याने वळून हात दिला आणि त्याला वर घेतलं. तो खोकत होता. रांग पुन्हा लागली. मी पुन्हा एकपासून मोजायला लागले.

पाळीवर शेवटचं पोर चढलं तेव्हा मी खाली बसले ती बराच वेळ उठले नाही. पाळीवरून टोलीतली माणसं पळत येताना दिसली. कोणीतरी लहानग्याला उचललं. मोठी मुलगी मात्र वळून उभी होती, आमच्याकडे बघत. तिने हात हलवला नाही. तासाभराने मोहाखालच्या उंचवट्यावर फक्त मोह उरला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासनेला आलेल्या पाळकांनी सात बालकांच्या सुटकेबद्दल देवाचे आभार मानले. सगळ्यांनी आमेन म्हटलं. माझ्या तोंडून निघालं नाही. वाचवलं देवाने, हे मी मानते, आजही मानते. पण तिथे बसवलं कोणी? ते पाळकांना कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. उपासनेनंतर मी डोंगेवाल्या भाऊंच्या घरी गेले. ते जाळं शिवत होते. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "बसा बाई. चहा घ्या. लेकरं घरी हायेत ना, मंग झालं." मी चहा घेतला. माफी मागायची ती राहूनच गेली, आणि त्यांनी ती राहू दिली.

पाणी उतरायला पाच दिवस लागले. टोलीतली माणसं मला मारायला येतील असं मला वाटायचं, रोज सकाळी वाटायचं. कोणी आलं नाही. सहाव्या दिवशी मुलं आली. सातही आली. मी हजेरी घेतली. पाढे झाले. धडा कोणी काढला नाही, मीही काढला नाही.

सुटायच्या वेळी मी नाल्यावर जाऊन पाहून आले. रपटा उघडा पडला होता, वर चिखलाचा थर. पाणी नदीकडे चाललं होतं. परत येऊन मी म्हटलं, "रपटा मोकळा आहे. जा आता घरी. काही भीती नाही."

कोणीच उठलं नाही. मोठ्या मुलीने भावाचं बोट घट्ट धरलं आणि मला विचारलं, अगदी साधेपणाने, जशी ती शाईच्या डागाबद्दल विचारायची तशी:

"बाई, हे देवानं सांगतलं का तुमी?"

वर्गातली सगळी मुलं माझ्याकडे पाहायला लागली. काय म्हणायचं? माझे डोळे भरून आले, पण ती रडण्याची वेळ नव्हती.

"मी," मी म्हटलं.

"मंग आमी पाहून घेऊ का?"

आम्ही सगळे नाल्यावर गेलो. पाणी जिथे काठाला लागत होतं तिथे, अगदी कडेला, तिने एक काडी रोवली. मग सातही जणं उकिडवी बसली आणि काडीकडे पाहायला लागली. मी त्यांच्या मागे बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शनिवारपेक्षा मला आता जास्त भीती वाटत होती, कारण आता मला माहीत होतं. पाणी काडीपासून बोटभर मागे सरलं. मग चार बोटं सरलं. मुलं उठली, कपडे झटकले, एकामागे एक उभी राहिली. माझे पाय मात्र जमिनीला चिकटलेले. ते पाहून ती परत आली आणि मला हात दिला.

"चाला बाई," ती म्हणाली, "तुमाले भेव लागून राह्यलं तं आमी तुमाले पलीकडं नेऊन देतो."